जेफ कोरी

जेफ कोरी (जन्मनाव: आर्थर झ्वर्लिंग, १० ऑगस्ट १९१४, ब्रुकलिन, न्यू यॉर्क – १६ ऑगस्ट २००२, सांता मोनिका, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन चित्रपट, रंगभूमी व दूरचित्रवाणी यांवरील चरित्र अभिनेते, दिग्दर्शक आणि अभिनयाचे शिक्षक होते. १९४० च्या सुमारास त्यांनी हॉलिवूडमध्ये प्रवेश केला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शंभराहून अधिक चित्रपटांत व मालिकांत भूमिका केल्या. १९५१ साली साम्यवादविरोधी चौकशी समितीपुढे सहकाऱ्यांची नावे सांगण्यास नकार दिल्यामुळे त्यांचे नाव 'काळ्या यादी'त गेले आणि सुमारे बारा वर्षे त्यांना पडद्यावर काम मिळाले नाही. या काळात त्यांनी राहत्या घरामागील गॅरेजमध्ये अभिनयाचा वर्ग चालवला. जेम्स डीन, जॅक निकल्सन, लेनर्ड निमॉय, अँथनी पर्किन्स यांसारखे नट आणि रॉबर्ट टाऊन, रॉजर कॉर्मन यांसारखे लेखक-दिग्दर्शक या वर्गातून गेले. बंदी उठल्यानंतर कोरी पुन्हा पडद्यावर आले. 'ट्रू ग्रिट', 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड', 'लिटल बिग मॅन' या चित्रपटांतील त्यांच्या भूमिका विशेष ओळखल्या जातात.

प्रारंभिक जीवन

कोरी यांचा जन्म ब्रुकलिनमधील ज्यू कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी काही काळ शिवणयंत्रांची विक्री केली. पुढे न्यू यॉर्कमधील फेगिन नाट्यविद्यालयात त्यांनी अभिनयाचे शिक्षण घेतले. आर्थिक मंदीच्या त्या दशकात न्यू यॉर्कच्या नाट्यवर्तुळात डाव्या विचारांचे वातावरण होते. बेकारी, कामगारांचे लढे आणि युरोपातील फॅसिझमचा उदय या गोष्टी तरुण कलावंतांच्या रोजच्या चर्चेत होत्या. कोरीही या विचारांकडे ओढले गेले आणि काही काळ साम्यवादी पक्षाशी संबंधित राहिले. याच संबंधाची किंमत पुढे त्यांना मोजावी लागली.

व्यावसायिक रंगभूमीवर त्यांनी लहान कामांपासून सुरुवात केली. बालप्रेक्षकांसाठी गावोगाव प्रयोग करणाऱ्या एका फिरत्या नाटकमंडळीत ते होते, तसेच १९३६ साली लेस्ली हॉवर्ड यांनी ब्रॉडवेवर सादर केलेल्या 'हॅम्लेट'मध्ये त्यांना किरकोळ काम मिळाले होते. १९३८ मध्ये त्यांचा विवाह झाला. दोन वर्षांनी हे दांपत्य कॅलिफोर्नियात आले.

हॉलिवूडमधील पहिली दहा वर्षे

उंच, सडपातळ बांधा, खोल डोळे, ठसठशीत नाक आणि ऐकताच लक्षात राहील असा काहीसा घोगरा आवाज ही कोरी यांची नटसामग्री होती. असा चेहरा त्या काळच्या चित्रसंस्था नायकासाठी निवडत नसत, मात्र शेतकरी, कारकून, कैदी, वैद्य, शिपाई आणि गुंड यांच्यासाठी त्यांना असेच चेहरे हवे असत. दोन-चार मिनिटांच्या प्रवेशात पात्राचा अख्खा पूर्वेतिहास सुचवता येणे ही चरित्र अभिनेत्याची कसोटी असते. कोरी यांना ती कला लवकर साधली. विल्यम डीटर्ले यांच्या 'ऑल दॅट मनी कॅन बाय' (१९४१) मध्ये त्यांनी न्यू हॅम्पशायरमधील एका शेतकऱ्याचे काम केले. त्या काळातील त्यांच्या कित्येक भूमिकांना श्रेयनामावलीत स्थानही नाही.

चित्रपटांपेक्षा त्यांच्या घडणीला अधिक उपयोगी ठरली ती 'ॲक्टर्स लॅबोरेटरी थिएटर' ही संस्था. न्यू यॉर्कमधील 'ग्रुप थिएटर' बंद पडल्यानंतर हॉलिवूडमध्ये आलेल्या काही नटांनी १९४१ मध्ये ती सुरू केली. रोमन बोनेन, जे. एडवर्ड ब्रॉमबर्ग, आर्ट स्मिथ, मॉरिस कार्नोव्हस्की आणि फीबी ब्रँड ही त्यातील प्रमुख मंडळी. रशियन नाट्यगुरू स्तानिस्लाव्हस्की यांच्या विचारांचा अमेरिकन परिस्थितीला साजेसा अभ्यास हे या मंडळींचे ध्येय होते. चित्रपटांत पोटापुरते काम करायचे आणि संध्याकाळी 'लॅब'मध्ये खरे नाटक करायचे, असा अनेकांचा क्रम असे. कोरी तेथे अभिनयही करत आणि शिकतही. १९४८ साली कॅलिफोर्निया राज्य सिनेटच्या एका समितीने या संस्थेवर साम्यवादाचा आरोप ठेवला आणि त्यानंतर दोन वर्षांत ती बंद पडली.

दुसऱ्या महायुद्धात कोरी नौदलात युद्धछायाचित्रक म्हणून दाखल झाले आणि 'यॉर्कटाऊन' या विमानवाहू जहाजावर त्यांची नेमणूक झाली. जहाजावर जपानी आत्मघाती विमानाने झेप घेतली असताना त्यांनी त्या हल्ल्याचे चित्रीकरण केले आणि त्याबद्दल ऑक्टोबर १९४५ मध्ये नौदलाकडून त्यांना लेखी गौरव मिळाला. सहा वर्षांनी त्यांच्या देशनिष्ठेची चौकशी झाली, तेव्हा हा गौरव त्यांच्या कामी आला नाही.

युद्धानंतरची पाच-सहा वर्षे त्यांच्या पहिल्या पर्वातील सर्वांत भरीव होत. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या कथेवर आधारलेल्या, रॉबर्ट सिऑडमाक दिग्दर्शित 'द किलर्स' (१९४६) मध्ये त्यांनी 'ब्लिंकी' फ्रँकलिन हा भुरटा गुन्हेगार साकारला. रुग्णालयातील खाटेवर मरणासन्न पडलेला ब्लिंकी वाताच्या भरात बरळतो आणि त्या तुटक शब्दांतून दरोड्याची हकिकत उलगडते. भूमिका लहान असली तरी कथेची गाठ सुटते ती येथेच.

जूल्स डासिन दिग्दर्शित 'ब्रूट फोर्स' (१९४७) हा तुरुंगपट पुढील घटनांच्या प्रकाशात पाहिला तर अस्वस्थ करतो. यात कोरी 'फ्रेशमन' स्टॅक या कैद्याच्या भूमिकेत आहेत. एका कोठडीतील कैदी पलायनाचा बेत रचतात. फ्रेशमन त्यांच्यातलाच एक असतो, मात्र तोच अधिकाऱ्यांना आतली बातमी पुरवत असतो. हे उघड झाल्यावर कैद्यांचा पुढारी, म्हणजे बर्ट लँकेस्टर, त्याला रुळांवरून ढकलायच्या गाडीच्या पुढच्या अंगाला बांधतो आणि पहारेकऱ्यांच्या गोळ्यांसमोर धकलतो. सहकाऱ्यांची नावे देणाऱ्या माणसाचा शेवट कोरी यांनी असा पडद्यावर रंगवला. त्यानंतर चार वर्षांनी तोच पर्याय प्रत्यक्षात त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. या चित्रपटात तुरुंगाधिकारी झालेले रोमन बोनेन आणि डॉक्टर झालेले आर्ट स्मिथ हे दोघे 'लॅब'चे संस्थापक होते. दिग्दर्शक डासिन यांनाही पुढे काळ्या यादीमुळे देश सोडून युरोपात काम शोधावे लागले.

'होम ऑफ द ब्रेव्ह' (१९४९) हा मार्क रॉबसन दिग्दर्शित व स्टॅन्ली क्रेमर निर्मित चित्रपट कोरी यांच्या वाट्याला आलेल्या पहिल्या मोठ्या भूमिकेमुळे महत्त्वाचा आहे. युद्धात पायांना कोणतीही इजा न होता चालण्याची शक्ती गमावलेला एक कृष्णवर्णीय सैनिक (जेम्स एडवर्ड्स) लष्करी मनोवैद्याकडे येतो. वैद्य बोलते करून त्याच्या मनातील गाठी सोडवत जातो. शेवटी तो मुद्दाम वर्णद्वेषी शिवी हासडतो आणि संतापलेला सैनिक त्याच्या अंगावर धावून जाण्यासाठी पाय उचलतो. वैद्याच्या भूमिकेत कोरी आहेत. मूळ नाटकात सैनिक ज्यू होता, चित्रपटात तो कृष्णवर्णीय करण्यात आला. अमेरिकन चित्रपट वर्णभेदाविषयी इतक्या उघडपणे क्वचितच बोलत असे. आजच्या प्रेक्षकाला त्या उपचारपद्धतीविषयी शंका येतील आणि त्या रास्तही आहेत, परंतु कोरी यांनी वैद्याची तळमळ व त्याची निष्ठुरता एकाच वेळी जिवंत केली आहे.

१९५१ साली त्यांच्या हाती भरपूर काम होते. हेन्री हॅथवे यांच्या 'फोर्टीन अवर्स' आणि 'रॉहाइड' या दोन्ही चित्रपटांत ते होते. त्याच वर्षाच्या अखेरीस 'सुपरमॅन अँड द मोल मेन' हा छोटा चित्रपट प्रदर्शित झाला. जगातील सर्वांत खोल तेलविहिरीतून दोन बुटके, निरुपद्रवी जीव वर येतात आणि घाबरलेले गावकरी त्यांना ठार मारायला निघतात. त्या जमावाचा भडकू पुढारी ल्यूक बेन्सन हे काम कोरी यांचे आहे. मुलांसाठी काढलेल्या या चित्रपटात भीतीने बिथरलेल्या समाजाचे चित्र आहे. तो पडद्यावर आला तेव्हा कोरी यांच्यासाठी चित्रसंस्थांची दारे बंद झालेली होती.

चौकशी आणि काळी यादी

अमेरिकन प्रतिनिधिगृहाने अमेरिकाविरोधी कारवायांच्या चौकशीसाठी १९३८ मध्ये एक समिती नेमली होती. ऑक्टोबर १९४७ मध्ये या समितीने हॉलिवूडकडे मोहरा वळवला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार घेऊन उत्तरे नाकारणारे दहा जण, मुख्यतः लेखक व दिग्दर्शक, संसदेच्या अवमानाबद्दल तुरुंगात गेले. नोव्हेंबर १९४७ मध्ये प्रमुख चित्रसंस्थांच्या चालकांनी न्यू यॉर्कमध्ये बैठक घेऊन, साम्यवाद्यांना जाणूनबुजून कामावर ठेवणार नाही असे निवेदन काढले. काळ्या यादीचा प्रारंभ या निवेदनापासून मानला जातो.

ही यादी कोणत्याही कार्यालयाच्या भिंतीवर लावलेली नव्हती. साक्षीत ज्याचे नाव आले, किंवा समितीपुढे ज्याने उत्तर नाकारले, त्याला काम मिळणे थांबे. निर्माता कारण सांगत नसे. भूमिकेला योग्य नाही, उंची जास्त आहे, जागा भरली आहे, अशी काहीतरी सबब पुढे येई. यादी अस्तित्वात असल्याचे कोणी कबूल करत नसल्यामुळे तिच्याविरुद्ध दाद मागणेही कठीण होते. तिच्यातून सुटण्याचा मार्ग एकच होता: समितीपुढे येऊन पश्चात्ताप व्यक्त करायचा आणि पूर्वीच्या सहकाऱ्यांची नावे सांगायची. लेखकांना निदान टोपणनावाने पटकथा विकता येत होत्या. नटाला तीही वाट नव्हती, कारण त्याचा चेहरा हीच त्याची ओळख. काळ्या यादीच्या इतिहासात लेखकांच्या कहाण्या अधिक सांगितल्या जातात, पण नटांची कोंडी त्याहून पूर्ण होती.

१९५१ साली समितीने हॉलिवूडची दुसरी, अधिक व्यापक चौकशी सुरू केली. एका सहकलाकाराच्या साक्षीत कोरी यांचे नाव आले आणि त्यांना समन्स मिळाले. सप्टेंबर १९५१ मध्ये लॉस एंजेलिस येथे ते समितीपुढे हजर झाले. त्यांनी घटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग न पाडले जाण्याच्या हक्काचा, आश्रय घेऊन नावे सांगण्याचे नाकारले. इतकेच नव्हे, तर आधीच्या साक्षीदारांच्या 'कामा'वर त्यांनी नाट्यसमीक्षकाच्या थाटात शेरे मारून समितीची खिल्लीही उडवली. तो विनोद महागात पडणार याची त्यांना कल्पना नसेल असे वाटत नाही.

पुढे पॅट्रिक मॅकगिलिगन व पॉल बूल यांनी संपादित केलेल्या 'टेंडर कॉम्रेड्स' (१९९७) या मुलाखतसंग्रहात कोरी यांनी त्या निर्णयाविषयी सांगितले आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार, समितीपुढे आलेल्यांपैकी बहुतेकांनी पक्ष कधीच सोडला होता. त्यांनी स्वतःही काही वर्षांपूर्वी सोडला होता आणि त्या राजकीय मताची पाठराखण करण्यात त्यांना फारसे स्वारस्य उरले नव्हते. प्रश्न एवढाच होता, की आपला व्यवसाय वाचवण्यासाठी समितीच्या हाती दोन-चार नावे ठेवायची की नाही. हा खुलासा महत्त्वाचा आहे. कोरी यांचा नकार एखाद्या विचारप्रणालीसाठी दिलेला लढा म्हणून रंगवला जातो, तेव्हा त्यांचे स्वतःचे शब्द बाजूला पडतात. दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही, इतकीच त्यांची भूमिका होती.

गॅरेजमधील वर्ग

नट म्हणून काम थांबले तेव्हा कोरी सदतीस वर्षांचे होते आणि घरी पत्नी व मुली होत्या. त्यांनी मजुरीची कामे केली. युद्धातून परतलेल्या सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी शिक्षणसवलतीचा लाभ घेऊन लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वाचोपचाराचा अभ्यासही केला. ज्या शासनाच्या एका समितीने त्यांची रोजी हिरावली, त्याच शासनाच्या दुसऱ्या योजनेतून ही फी भरली गेली.

याच सुमारास काही तरुण नटांच्या आग्रहावरून त्यांनी शिकवणे सुरू केले. वर्ग भरत असे हॉलिवूडमधील त्यांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. तेथे एक लहानसा रंगमंच आणि बसायला साध्या खुर्च्या होत्या. वर्गाची कीर्ती तोंडातोंडी पसरली आणि काही वर्षांत तो लॉस एंजेलिसमधील सर्वांत मानाच्या वर्गांपैकी एक गणला जाऊ लागला. ज्या चित्रसंस्था कोरी यांना दोन मिनिटांची भूमिका द्यायला तयार नव्हत्या, त्या आपले करारबद्ध तरुण नट त्यांच्याकडे शिकायला पाठवू लागल्या. कोरी यांचा चेहरा पडद्यावर चालत नव्हता, विद्या मात्र चालत होती. काळ्या यादीमागे देशाच्या सुरक्षिततेची चिंता किती होती, याचा यावरून अंदाज करता येतो.

कोरी यांच्या पद्धतीचा पाया स्तानिस्लाव्हस्की यांच्या विचारांत असला, तरी त्यांनी कोणताही एक पंथ पत्करला नाही. न्यू यॉर्कमधील 'मेथड' पद्धतीच्या शिक्षकांप्रमाणे नटाच्या खासगी दुःखांची उकरण करण्यापेक्षा त्यांचा भर उत्स्फूर्त प्रवेशांवर असे. त्यांचा आवडता प्रयोग असा: दोन नटांना एक प्रसंग द्यायचा, परंतु त्या प्रसंगातील मुख्य गोष्ट त्यांनी तोंडाने उच्चारायची नाही. समजा, एकाला दुसऱ्याकडून पैसे उसने हवे आहेत. त्याने पैशांचा शब्दही न काढता हवापाणी, जेवण, प्रवास यांविषयी बोलत राहायचे आणि तरीही प्रेक्षकांना त्याची गरज कळली पाहिजे. शब्द एकीकडे आणि हेतू दुसरीकडे, या ताणातून अभिनय निर्माण होतो अशी त्यांची धारणा होती. ओळखीच्या नाटकातील प्रवेश अगदी भलत्याच परिस्थितीत करून पाहायला ते सांगत. साहित्य, चित्रकला, संगीत यांचे दाखलेही ते शिकवताना देत.

या पद्धतीचा परिणाम नटांइतकाच लेखकांवर झाला. पटकथाकार रॉबर्ट टाऊन १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात या वर्गात होते. त्याच वेळी मेट्रो-गोल्डविन-मेयर चित्रसंस्थेच्या व्यंगचित्रपट विभागात निरोप्याचे काम करणारा जॅक निकल्सन हा तरुणही तेथे येत असे. संवादात एक म्हणणे आणि मनात दुसरे असणे हे आपण निकल्सन यांचे वर्गातील प्रवेश पाहताना शिकलो, अशा अर्थाचे टाऊन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्यांनी निकल्सन यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या 'चायनाटाऊन' (१९७४) या पटकथेला ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटात पात्रे एक बोलतात आणि दुसरेच लपवतात. गॅरेजमधील तो प्रयोग येथे दूरवर पोचलेला दिसतो. 'फाइव्ह ईझी पीसेस' (१९७०) च्या पटकथाकार कॅरोल ईस्टमन याही याच वर्गातल्या.

निकल्सन यांच्याविषयी एक किस्सा नेहमी सांगितला जातो. त्यांच्या कामात काव्य दिसत नाही, असा शेरा कोरी यांनी मारला. त्यावर, मी दाखवत असलेले काव्य कदाचित तुम्हालाच दिसत नसेल, असे उत्तर शिष्याने दिले. गुरुजींना हे उत्तर आवडले की नाही हे किस्सा सांगत नाही, मात्र शिष्य वर्गात टिकून राहिला.

कमी खर्चाचे चित्रपट झपाट्याने काढणारे निर्माते-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन हे नटांचे काम आतून समजावे म्हणून या वर्गात दाखल झाले. तेथेच त्यांची निकल्सन यांच्याशी ओळख झाली आणि 'द क्राय बेबी किलर' (१९५८) या कॉर्मन-निर्मित चित्रपटात निकल्सन यांना पहिली प्रमुख भूमिका मिळाली. टाऊन यांनीही पटकथालेखनाची सुरुवात कॉर्मन यांच्यासाठी केली. १९६० च्या दशकाच्या शेवटी हॉलिवूडमध्ये जी नवी पिढी पुढे आली, तिच्यातील अनेकांच्या ओळखी या गॅरेजमध्ये जुळल्या होत्या.

जेम्स कोबर्न, सॅली केलरमन, रिचर्ड चेंबरलेन, रॉबर्ट ब्लेक, जेन फोंडा, रॉब रायनर, रॉबिन विल्यम्स हेही वेगवेगळ्या काळात त्यांच्याकडे शिकले. अशा नामावल्या जपून वाचाव्या लागतात, कारण कोणी वर्षानुवर्षे येत होते, तर कोणी थोडेच दिवस. निकल्सन, टाऊन व निमॉय यांच्या बाबतीत मात्र संबंध निकटचा होता.

पडद्यावर पुनरागमन

१९६० मध्ये डाल्टन ट्रम्बो यांचे नाव 'स्पार्टाकस' व 'एक्सोडस' या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत उघडपणे आले आणि काळ्या यादीची पकड ढिली झाली. नटांसाठी हा बदल आणखी सावकाश झाला. कोरी यांचे पुनरागमन १९६३ चे. 'द यलो कॅनरी' या चित्रपटात ते दिसले. त्याचे नायक, गायक पॅट बून, हे त्यांचे विद्यार्थी होते. त्याच वर्षी जोसेफ स्ट्रिक यांच्या 'द बाल्कनी'त त्यांनी बिशपची भूमिका केली. ज्याँ जने यांच्या नाटकावर आधारलेल्या या चित्रपटात ली ग्रँट ही काळ्या यादीतून सुटलेली अभिनेत्रीही होती, आणि कोरी यांचे शिष्य निमॉयही होते.

त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर 'द आउटर लिमिट्स' या विज्ञानकथामालिकेच्या 'ओ.बी.आय.टी.' या भागात त्यांनी बायरन लोमॅक्स ही भूमिका केली. एका शासकीय संशोधनकेंद्रात कर्मचाऱ्यांवर गुप्तपणे पाळत ठेवणारे यंत्र बसवलेले असते आणि त्याची चौकशी एक सिनेटर करत असतो. सगळी कथा चौकशीच्या खोलीत घडते. लोमॅक्स हा त्या यंत्राचा समर्थक. अखेरीस तो मानवच नसल्याचे उघड होते आणि एकमेकांवर पाळत ठेवण्याच्या मोहातच तुमचा समाज पोखरला जाईल, असे तो बजावतो. बारा वर्षांपूर्वी साक्षीदाराच्या खुर्चीत बसलेला नट येथे पुन्हा साक्षीदाराच्या खुर्चीत आहे. त्यांची एकच दूरचित्रवाणी भूमिका पाहायची असेल तर ही पाहावी.

जॉन फ्रँकनहायमर यांच्या 'सेकंड्स' (१९६६) मध्ये पैसे घेऊन माणसांना नवा चेहरा व नवे आयुष्य विकणारी एक संस्था आहे. तिचा प्रतिनिधी मिस्टर रूबी हे कोरी यांचे पात्र. ग्राहकाच्या मृत्यूचा बनाव कसा रचायचा याचे तपशील सांगता सांगता तो ग्राहकासाठी आलेली कोंबडी स्वतःच खाऊन टाकतो. हा प्रवेश भयंकर आहे आणि हसवणाराही. दिग्दर्शकाने या चित्रपटात कोरी यांच्यासह जॉन रँडॉल्फ व विल गीअर या काळ्या यादीतील आणखी दोन नटांना घेतले होते. पुढच्याच वर्षी रिचर्ड ब्रूक्स यांच्या 'इन कोल्ड ब्लड'मध्ये कोरी यांनी खुनी डिक हिकॉकच्या वृद्ध वडिलांची भूमिका केली.

१९६९ हे त्यांचे सर्वाधिक प्रसिद्धीचे वर्ष. 'ट्रू ग्रिट'मध्ये त्यांनी टॉम चेनी हा खुनी उभा केला, ज्याच्या शोधात चौदा वर्षांची मॅटी रॉस घराबाहेर पडते. चेनीला कोरी यांनी राक्षसी केले नाही. स्वतःच्या नशिबाला सतत दोष देणारा, किरकिरा, क्षुद्र माणूस त्यांनी दाखवला आणि म्हणून त्याच्या हातून घडलेला खून अधिक बोचतो. दिग्दर्शक होते हॅथवे, ज्यांनी १९५१ साली त्यांना दोन चित्रपटांत घेतले होते. नायक जॉन वेन हे १९४९ ते १९५३ या काळात हॉलिवूडमधील प्रमुख साम्यवादविरोधी संघटनेचे अध्यक्ष होते. वेन यांना या चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले.

'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड'मधील शेरीफ ब्लेडसो हे काम त्याहून लहान, केवळ एका प्रसंगाचे. पाठलागाने त्रासलेले दोघे दरोडेखोर रात्री या जुन्या स्नेह्याकडे येतात आणि सैन्यात भरती होऊन माफी मिळवण्याची कल्पना मांडतात. ब्लेडसो त्यांना सुनावतो, की तुमचा काळ संपला आहे, तुमचे मरण रक्तरंजितच असणार, ते कुठे यायचे एवढेच तुम्ही निवडू शकता. मग आपल्यावर संशय येऊ नये म्हणून तो त्यांना आपल्याला बांधून ठेवायलाही सांगतो. हसत-खेळत चाललेल्या चित्रपटाची दिशा या काही मिनिटांत बदलते. दहा वर्षांनी निघालेल्या पूर्वकथेत ('बुच अँड सनडान्स: द अर्ली डेज', १९७९) हीच भूमिका त्यांनी पुन्हा केली.

'बिनीथ द प्लॅनेट ऑफ द एप्स' (१९७०) मध्येही ते आहेत. आर्थर पेन यांच्या 'लिटल बिग मॅन' (१९७०) मधील वाइल्ड बिल हिकॉक मात्र पाहण्यासारखा आहे. दंतकथा बनलेला हा बंदूकबाज येथे प्रत्येक आवाजाने दचकणारा, थकलेला माणूस आहे.

दूरचित्रवाणी व दिग्दर्शन

१९६० नंतर 'पेरी मेसन', 'बोनान्झा', 'द वाइल्ड वाइल्ड वेस्ट' अशा अनेक मालिकांत ते पाहुणे कलाकार म्हणून आले. 'स्टार ट्रेक'च्या 'द क्लाउड माइंडर्स' (१९६९) या भागात त्यांनी आकाशात तरंगणाऱ्या नगरीचा उच्च सल्लागार प्लासस साकारला. खाली खाणींत राबणाऱ्यांच्या श्रमावर वरच्या नगरीतील कलासक्त जीवन चालते, अशी ही कथा आहे. येथे स्पॉकच्या भूमिकेतील निमॉय आणि त्यांचे गुरू समोरासमोर आले. रॉड सर्लिंग यांच्या 'नाइट गॅलरी' मालिकेतील काही कथांचे दिग्दर्शन कोरी यांनी केले. 'हेल टाऊन' (१९८५) या रॉबर्ट ब्लेक यांच्या मालिकेत त्यांची नियमित भूमिका होती.

उतारवयातही ते काम करत राहिले. 'बॅबिलॉन ५'च्या 'झाहाडूम' (१९९६) या भागात चहाचा पेला पुढे करून नायकाला शत्रुपक्षाशी समझोता करण्याचा सल्ला देणारा सौम्य म्हातारा जस्टिन त्यांनी केला. शांत आवाजातील दडपणाचा हा उत्तम नमुना होय.

अखेरची वर्षे

चित्रपटांत परतल्यावरही कोरी यांनी शिकवणे सोडले नाही. ते पुढे मालिबू येथे राहत आणि तेथेही विद्यार्थी येत असत. पडल्यामुळे उद्भवलेल्या गुंतागुंतीतून १६ ऑगस्ट २००२ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसानंतर सहा दिवसांनी, सांता मोनिका येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक, कन्या एमिली कोरी यांच्या सहलेखनासह, २०१७ मध्ये केंटकी विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने 'इम्प्रोव्हायझिंग आउट लाउड' या नावाने प्रसिद्ध केले. उपशीर्षकात त्यांनी हॉलिवूडला अभिनय शिकवल्याचा उल्लेख आहे.